दादासाहेबांच्या नावाची योजना आणि दादासाहेबांच्या तालुक्यातली जमीन

दरवर्षी १५ ऑक्टोबरला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या प्रतिमेला हार पडतात. नाशकात पडतात, जिल्ह्यातल्या वस्त्यावस्त्यांत पडतात. त्या दिवशीच्या भाषणांत एक वाक्य हमखास असते. शासनाने भूमिहीनांना जमीन देण्यासाठी दादासाहेबांच्या नावाने योजना काढली, हे ते वाक्य. सत्ताधारी पक्षाचा वक्ता ते अभिमानाने सांगतो, आपला वक्ता कृतज्ञतेने सांगतो, आणि टाळ्या दोघांनाही सारख्याच पडतात.

आमचे म्हणणे इतकेच, की टाळी वाजवण्यापूर्वी एकदा दिंडोरी तालुक्यात जाऊन यावे. दादासाहेबांचा जन्म १९०२ साली याच तालुक्यातल्या आंबे गावचा. आज दिंडोरी म्हटले की द्राक्षे आली, वाइनचे कारखाने आले. तिथे पाण्याखालच्या एका एकराचा भाव काय चालला आहे, हे कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारावे. मग योजनेचा शासन निर्णय उघडावा. त्यात २०१८ साली ठरलेली कमाल किंमत दिली आहे: बागायत जमीन एकरी ८ लाख रुपये, जिरायत एकरी ५ लाख रुपये. द्राक्षपट्ट्यात ८ लाखांना बागायत एकर मागितला तर विकणारा हसतो. म्हणजे ज्या माणसाचे नाव योजनेला दिले, त्याच्याच तालुक्यात ती योजना बागायत जमीन विकत घेऊ शकत नाही. हे कोणा कारकुनाच्या चुकीने झालेले नाही. धोरण कसे बनते आणि सरकार त्यासाठी कोणते हत्यार निवडते, याचे हे उघडे उदाहरण आहे.

धोरण म्हणजे काय, असे विचारले तर आपले कार्यकर्ते योजनांची नावे सांगतात. ती नावे आपल्याला पाठ आहेत. परंतु सरकारला जे करायचे असते ते नावाने होत नाही, साधनाने होते. ख्रिस्तोफर हूड या ब्रिटिश अभ्यासकाने १९८३ साली सरकारच्या हत्यारांवर पुस्तक लिहिले. त्याची मांडणी साधी आहे. सरकारजवळ मुळात चार गोष्टी असतात: सगळीकडची माहिती जिथे येते आणि जिथून जाते ती जागा, हुकूम देण्याचा अधिकार, तिजोरी आणि कामाला लावता येणारी माणसे. घोषणा, कायदा, पैसा आणि यंत्रणा, असे आपण म्हणू. कोणतेही सरकार कोणतेही काम यांपैकी काही ना काही वापरूनच करते. तेव्हा सरकारला एखादी गोष्ट खरोखर करायची आहे की नुसती केल्यासारखी दाखवायची आहे, हे ओळखण्याची खूण भाषणात सापडत नाही. त्या कामासाठी चारपैकी काय हाती घेतले आणि काय कपाटातच ठेवले, ते पाहावे लागते.

नाशिककरांना हे नव्याने सांगायला नको. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षे आपली माणसे त्या दाराशी गेली, दगड खाल्ले, तुरुंगात गेली. त्या काळात सरकारने कोणते हत्यार उचलले? शांतता राखण्याचे. जमावबंदी आणि अटक. दार उघडण्याचा अधिकार सरकारने वापरला नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि तो रस्ताच सोडला. मंदिरप्रवेश रोखणे हा गुन्हा ठरला तो पुढे, १९४७ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने. त्या कायद्याच्या नावात आपल्याला कधीच मान्य नसलेला 'हरिजन' हा शब्द होता, ही गोष्ट वेगळी. पण जे पाच वर्षांच्या विनवण्यांनी आणि हृदयपरिवर्तनाच्या उपदेशांनी झाले नाही, ते कायद्याने अंगावर घेतले. हत्यार बदलले की काय होते, ते नाशिकने पाहिले आहे.

आता जमिनीकडे येऊ. दादासाहेबांनी जमीन मागितली तेव्हा त्यांनी योजना मागितली नव्हती, हे आपण विसरत चाललो आहोत. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि त्यानंतर ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी सत्याग्रह, यांत लाखो माणसे तुरुंगात गेली. बायका लेकरे कडेवर घेऊन गेल्या. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्याकडे जी मागण्यांची सनद दिली होती तिच्यात पडीक जमीन आणि सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, असे सरळ म्हटले होते. मागणी अधिकाराची होती. सरकारच्या ताब्यात जे आहे ते वाटा, आणि मर्यादेपेक्षा जास्त ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून काढून घ्या, अशी ती होती. म्हणजे दादासाहेब चारपैकी सर्वात बळकट हत्यार, कायद्याचा हुकूम, वापरायला सांगत होते.

ते हत्यार सरकारकडे होते का? होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले होते, त्या लढ्याचा शेवट तीस वर्षांनी झाला. परंतु वतनाची गुलामी गेली तरी जमीन मोकळी आली नाही. सरकारने ती 'नवीन शर्ती'वर परत दिली, म्हणजे विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि सरकारजमा करायचा नजराणा. ही अट आपल्या रक्षणासाठी होती असे सांगतात. रक्षण किती झाले ते शहरांच्या कडेच्या वतनी जमिनींवर उभ्या राहिलेल्या इमारतींना विचारावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातल्या मुंढव्याच्या ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार वर्तमानपत्रांत गाजला. तो गाजला म्हणून कळला. जे गाजले नाहीत त्यांचे सातबारे आता कोणाच्या नावावर आहेत?

दुसरा कायदा कमाल जमीनधारणेचा, १९६१ चा. १९७५ च्या दुरुस्तीनंतर बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकर आणि कोरडवाहूला ५४ एकर ही मर्यादा आली. कागदावर हा कायदा कडक होता. आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. मालेगाव तालुक्यात रावळगावला साखर कारखान्याचे मोठे मळे होते. खासगी साखर कारखान्यांच्या अशा जमिनी सरकारने कायद्याखाली घेतल्या. त्या भूमिहीनांना वाटल्या का? नाही. हजारो एकरांचा सलग मळा तोडला तर उसाचे उत्पादन बुडेल असे कारण सांगून १९६३ साली राज्य शेती महामंडळ काढले आणि जमीन महामंडळाकडे ठेवली. पुढे कारखान्यांना ज्यांनी जमिनी खंडाने दिल्या होत्या त्या खंडकरी शेतकऱ्यांनी लढा दिला, कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २०१२ पासून त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. खंडकऱ्यांच्या मागणीला आमचा विरोध नाही. पण बघा, त्यांच्यासाठी कायदा बदलता आला. मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेला मजूर मात्र घरापुरती दोन गुंठे जागा मागत राहिला.

तिसरा मार्ग गायरानाचा. भूमिहीनांनी गायरान कसले, आणि सरकारने शासन निर्णय काढून ते नियमित केले. नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तारीख कोणती निवडली ते पाहा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची. तारीख देण्यात सरकारे कधीच कंजुषी करत नाहीत. त्या निर्णयाचा लाभ ज्यांच्या नोंदी तलाठ्याने केल्या त्यांना झाला. ज्यांच्या पिकपाण्याची नोंदच कधी झाली नव्हती, ते 'अतिक्रमक' म्हणून राहिले. मग २०११ साली जगपाल सिंग विरुद्ध पंजाब या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितली, आणि महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी जुलैमध्ये त्याबरहुकूम निर्णय काढला. त्या निकालात भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनींचा अपवाद न्यायालयाने स्वतः सांगितला आहे. निकाल दाखवून नोटीस बजावणाऱ्यांपैकी किती जण तो परिच्छेद वाचून दाखवतात? आपल्यापैकी तरी कितीजणांनी तो वाचला आहे?

वतन, कमाल धारणा, गायरान हे तीनही रस्ते अशा रीतीने अर्धे चालून सोडले, आणि २००४ साली दादासाहेबांच्या नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना आली. इथे एक मोठा बदल गुपचूप झाला, तो वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. जमीन 'काढून घ्या आणि वाटा' ही मागणी होती. तिची जागा जमीन 'विकत घ्या आणि द्या' या कार्यक्रमाने घेतली. हुकुमाचे हत्यार कपाटात गेले आणि थैली बाहेर आली. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला कोणी हात लावणार नाही, त्याला वाटले तर तो विकेल. ज्याला जमीन नाही तो आता हक्कदार राहिला नाही, लाभार्थी झाला. आणि थैलीला तोंड किती ठेवायचे ते पुन्हा सरकारने ठरवले.

योजनेची घडण अशी आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन शेतमजूर, अनुसूचित जातीचा किंवा नवबौद्ध. त्याला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्त कुटुंबे यांना प्राधान्य. सुरुवातीला निम्मे अनुदान होते आणि निम्मे बिनव्याजी कर्ज. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने कर्जाने जमीन घ्यायची आणि पहिल्याच दुष्काळात हप्ता थकवायचा, असा तो प्रकार. २०१८ मध्ये शंभर टक्के अनुदान केले, हे चांगले झाले, आणि ते चांगले झाले असे आम्ही म्हणणार. पण त्याच निर्णयात किमतीचे कुलूपही घातले. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती मालकाशी बोलते. रेडीरेकनरच्या भावाने जमीन मिळाली नाही तर वीस-वीस टक्क्यांनी दुपटीपर्यंत वाढवण्याची मुभा समितीला आहे, परंतु ५ लाख आणि ८ लाखांच्या वर जाता येत नाही.

आता या कुलपाने काय होते ते नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून पाहू. निफाड, दिंडोरी हा द्राक्षपट्टा बाद झाला. नाशिक तालुका शहराच्या भावाने बाद झाला. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या भागांत जमीन मुख्यतः आदिवासींची. ती बिगरआदिवासीला विकता येत नाही, आणि येऊही नये, तो कायदा आदिवासी बांधवांच्या जिवाचा आहे. उरला पूर्वेकडचा अवर्षणाचा पट्टा. तिथे ५ लाखांच्या आत कोणती जमीन निघते? मालकाला नको असलेली. मुरूम उघडा पडलेली, वाटेचे भांडण असलेली, विहिरीला पाणी न लागलेली. चार एकर मिळाले म्हणून गावात पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्या वर्षी तेच कुटुंब कांदा काढायला निफाडला मजुरीने जाते. शिवाय ही जमीन विकता येत नाही, खंडाने देता येत नाही, हातात सातबारा आहे पण बी-बियाण्याला पैसा नाही. अर्ज करून बसलेल्या माणसांशी बोलताना आम्हाला एकच उत्तर मिळत आले आहे: 'साहेब म्हणतात, जमीन तुम्हीच शोधून आणा.' ज्याला गावात उभे राहून मालकाशी बरोबरीने बोलता येत नाही, त्यानेच मालकाला सरकारी भावात विकायला राजी करायचे!

कोणी म्हणेल, सरकार तरी काय करणार, बाजारभावाने जमीन घेणे सरकारला परवडत नाही. हे म्हणणाऱ्याला सिन्नरला घेऊन जावे. समृद्धी महामार्गाची गोष्ट फार जुनी नाही. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आमच्या जिल्ह्यात सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून जातो. २०१६ मध्ये सरकारने आधी जमीन एकत्रीकरणाचे हत्यार काढले: जमीन द्या, बदल्यात विकसित भूखंड घ्या. शेतकरी बधले नाहीत. सिन्नर तालुक्यातल्या शिवडे गावाने मोजणी होऊ दिली नाही, तिथल्या शेतकऱ्यांनी झाडांना गळफास टांगून ठेवले. सरकारने काय केले? रस्ता सोडला नाही, हत्यार बदलले. थेट खरेदी आणली आणि मोबदला रेडीरेकनरच्या वा अलीकडच्या व्यवहारांवरून काढलेल्या दराच्या पाचपटीपर्यंत नेला. अधिकारी बांधावर गेले, घरोघर बसले, कागद तिथेच तयार झाले, पैसे खात्यात पडले. तरीही जे राजी झाले नाहीत त्यांच्यासाठी सक्तीच्या संपादनाचा कायदा मागे उभा होता. जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पाही खुला झाला.

सरकार तेच, महसूल यंत्रणा तीच, खरेदीखताचा मुद्रांकही तोच. रस्त्याला जमीन हवी तेव्हा भाव पाचपट, अधिकारी शेतकऱ्याच्या दारात आणि पाठीशी कायद्याची सक्ती. भूमिहीनाला जमीन हवी तेव्हा भाव फार तर दुप्पट, त्यावर कुलूप, भूमिहीन अधिकाऱ्याच्या दारात आणि सक्तीचे नाव नाही. शेतकऱ्यांना जो भाव मिळाला तो योग्यच होता, त्यांनी तो भांडून मिळवला. प्रश्न असा, की ज्याला विकायला जमीनच नाही त्याने काय अडवून भांडायचे?

विकणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली जमीनवाटणी यशस्वी होत नाही, याचा अनुभव दुसऱ्या एका देशाने आपल्यापेक्षा मोठ्या प्रमाणात घेतला आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९४ साली वर्णद्वेषी राजवट गेली. नव्या सरकारने गोऱ्यांकडची ३० टक्के शेतजमीन पाच वर्षांत काळ्या जनतेकडे आणायचे ठरवले आणि साधन निवडले ते राजीखुशीच्या खरेदीविक्रीचे. मुदत संपली, वाढवली, पुन्हा वाढवली. दहावा हिस्साही हलला नाही. २००५ च्या जमीन परिषदेत हे तत्त्व सोडा अशी मागणी तिथल्या जनतेनेच केली. मंडेलांच्या पक्षाची नियत वाईट होती असे कोणी म्हणत नाही. हत्यार लेचेपेचे होते.

आता थैलीतल्या पैशाचे पाहू, कारण भावाचे कुलूप उद्या उघडले तरी आत काही असायला हवे. सहाव्या योजनेच्या काळात अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना सुरू झाली. तत्त्व असे, की लोकसंख्येत जितका वाटा तितका योजना खर्चातही वाटा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हे प्रमाण ११.८ टक्के आहे. हा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही आणि परत जाऊ द्यायचा नाही, असे मार्गदर्शक तत्त्व होते. तत्त्व मोडणाऱ्याला शिक्षा कोणती? कोणतीच नाही, कारण महाराष्ट्रात त्यामागे कायदा उभा केला गेला नाही. आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ साली असे कायदे केले. आमच्याकडे ही मागणी मोर्च्यांच्या निवेदनांत पडून आहे.

त्याचा परिणाम मे २०२५ मध्ये उघड दिसला. लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटींहून अधिक रुपये वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्र्यालाच आपल्या खात्याचा पैसा राखता येत नसेल तर समितीपुढे फाईल घेऊन बसलेल्या शेतमजुराने कोणाकडे पाहावे? लाडक्या बहिणींमध्ये आमच्याही भगिनी आहेत, त्यांच्या हातात पंधराशे रुपये पडतात याचे दुःख आम्हाला नाही. पण ते पैसे जर त्यांच्याच जमिनीच्या, त्यांच्याच पोरांच्या वसतिगृहाच्या खात्यातून काढून दिले असतील, तर तो डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकण्याचा उद्योग झाला. ४१० कोटी म्हणजे किती, याचा हिशेब आम्ही योजनेच्या भावाने केला. एका कुटुंबाला चार एकर जिरायताचे २० लाख धरले तर दोन हजारांहून अधिक कुटुंबांची जमीन.

कायदा असता तर सर्व झाले असते, असेही आम्ही म्हणणार नाही. कर्नाटकात कायद्यातच पळवाट होती. २०२३ मध्ये ती काढली, आणि तरीही त्या उपयोजनेचे हजारो कोटी सरकारच्या सर्वसाधारण 'गॅरंटी' योजनांकडे वळवल्याचा वाद तिथे पेटला. तरी फरक आहे. तिथे विरोधकाला कायद्याचे कलम दाखवता येते, सरकारला सभागृहात उत्तर द्यावे लागते. शासन निर्णय मात्र एका सहीने निघतो, दुसऱ्या सहीने बदलतो, आणि तिसऱ्या दिवशी वेबसाइटवर चढतो. आमदारालाही नंतर कळते. रोजगार हमीचेच पाहा. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली ती योजना १९७७ साली महाराष्ट्राने कायद्यात घातली आणि तिच्यासाठी व्यवसाय कराचा वेगळा पैसा बांधून दिला. म्हणून मजूर तहसीलदाराला 'काम दे' म्हणू शकला. केंद्राचा २००५ चा मनरेगा कायदा डिसेंबर २०२५ मध्ये गेला, पण तो घालवण्यासाठी सरकारला संसदेत नवा कायदा आणावा लागला, देशासमोर मतदान घ्यावे लागले. शासन निर्णयाच्या योजनेचा गळा घोटायला एवढेही लागत नाही. बजेटात एक शून्य कमी टाकले की पुरे.

बाबासाहेबांना हे १९४७ सालीच दिसत होते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन राज्याची असावी आणि जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, असे मांडले. ते आपण भाषणांत सांगतो. त्याच्या पुढचे सांगत नाही. ही व्यवस्था संविधानातच लिहा, साध्या बहुमताच्या हाती ठेवू नका, असा त्यांचा आग्रह होता. काय द्यायचे याच्याइतकाच ते कुठे लिहायचे याचा विचार त्या माणसाने केला होता. १९३७ साली खोती नष्ट करण्यासाठी त्यांनी मुंबई विधिमंडळात विधेयकच आणले, सवलतीचा अर्ज केला नाही. आपण मात्र 'शासन निर्णय निघाला' याच बातमीवर समाधानी होतो, आणि त्यावर बाबासाहेबांचे किंवा दादासाहेबांचे नाव असेल तर निर्णय वाचायचेही सोडून देतो.

सरकारला कायदा करायला वेळ लागतो, हेही कोणी सांगू नये. नाशकातच ताजा दाखला आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी सरकारने २०२५ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणाचा कायदा केला. आधी वटहुकूम, मग पावसाळी अधिवेशनात विधेयक, लगेच यंत्रणा, तिच्या हाती पैसा आणि खरेदीचे अधिकार. घोषणा, कायदा, पैसा, यंत्रणा ही चारही हत्यारे काही महिन्यांत बाहेर आली. भाविकांची सोय करू नका, असे आम्ही म्हणत नाही. एका मेळ्यासाठी जे महिन्यांत होते ते भूमिहीनांसाठी वीस वर्षांत का झाले नाही, एवढेच विचारतो. याच गोदाकाठी आमच्या आजोबांना १९३० साली कोणत्या हत्याराने अडवले होते ते आम्ही वर सांगितले आहे.

यात आमचाही दोष आहे आणि तो आम्ही लपवणार नाही. आपल्या गटातटांच्या नेत्यांनी योजनेला नाव मिळवण्यासाठी जितकी शिष्टमंडळे नेली, तितकी किमतीचे कुलूप काढण्यासाठी नेली नाहीत. स्मारकाच्या कामाला उशीर झाला की आपण रस्त्यावर येतो. जिल्हा समितीची बैठक किती महिने झाली नाही, हे आपल्याला ठाऊक नसते. दादासाहेब राज्यसभेत बसत होते तेव्हाच रस्त्यावरचा सत्याग्रह चालवत होते. आपल्याकडे आता जे सभागृहात जातात ते रस्ता विसरतात, आणि जे रस्त्यावर आहेत त्यांनी शासन निर्णय वाचलेला नसतो.

म्हणून येत्या १५ ऑक्टोबरच्या आधी प्रत्येक तालुक्यातून निदान एका कार्यकर्त्याने माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा, असे आम्ही सुचवतो. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयातील माहिती अधिकाऱ्याच्या नावे. विचारायचे ते असे: २००४ पासून आपल्या तालुक्यात या योजनेखाली किती एकर जमीन घेतली, कोणत्या गावात, एकरी कोणत्या भावाने, त्यातली बागायत किती, किती अर्ज 'जमीन उपलब्ध नाही' या शेऱ्याने पडून आहेत, जिल्हा समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या आणि त्यांची इतिवृत्ते, गेल्या पाच वर्षांत किती निधी आला, किती खर्च झाला, किती परत गेला आणि कोणत्या आदेशाने, किमतीची मर्यादा वाढवा असा प्रस्ताव जिल्ह्यातून मंत्रालयात कधी गेला का, गेला असल्यास त्याची प्रत. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. अर्जदार दारिद्र्यरेषेखालील असेल तर तेही लागत नाही, दाखल्याची प्रत जोडली की झाले. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, ती कायद्यात लिहिलेली आहे.